आधी कृपा, मग आपण

आजचे वाचन : मार्क 1:7-11



गेल्या वर्षी धाकट्या बहिणीने मला तिच्या मुलीचा गॉडफादर व्हायला सांगितलं, तेव्हा मी सरळ नाही म्हटलं. बाबा गेल्यापासून देवावर राग होता. तीन वर्षं कन्फेशनला गेलो नव्हतो. मिस्सालाही जायचो ते फक्त आईला वाईट वाटू नये म्हणून. बहीण म्हणाली, "दादा, तू योग्य व्हायची वाट बघत बसले, तर बाळ शाळेत जायला लागेल!"

आजच्या वाचनात येशू यार्देन नदीतून वर येतो आणि स्वर्गातून पित्याचा आवाज येतो : तू माझा लाडका पुत्र. मार्कचं शुभवर्तमान इथे नुकतंच सुरू झालंय. अजून एकही प्रवचन नाही, एकही चमत्कार नाही. आमच्या ऑफिसात आधी काम, मग अप्रेझल. इथे प्रेम आधी आणि काम नंतर!

येशूला पापक्षमेची गरज नव्हती. ती आपल्याला आहे. बाप्तिस्म्यात आदिपाप पुसलं जातं, आपण देवाची मुलं होतो आणि आत्म्यावर कधीच न पुसणारी खूण उमटते. तान्ह्या बाळाने यासाठी काय केलेलं असतं? काहीच नाही. यालाच कृपा म्हणतात.

मग आपल्याला काहीच करायचं नाही का? करायचंय. पाप पुसलं तरी पापाकडे झुकणारा स्वभाव उरतोच. म्हणून कॅथलिक धर्मशिक्षणग्रंथ (1992) सांगतो की, बाप्तिस्म्यासाठी लागतो तो परिपूर्ण विश्वास नव्हे, तर विश्वासाची सुरुवात. पुढे तो वाढायला हवा. त्यासाठीच दरवर्षी ईस्टरच्या रात्री आपण बाप्तिस्म्याची वचनं पुन्हा देतो. अर्थात, वाढायची ताकदही कृपाच देते. आपण फक्त दार उघडायचं.

मी ते दार बाप्तिस्म्याच्या आदल्या संध्याकाळी, कन्फेशनला जाऊन उघडलं. दुसऱ्या दिवशी फादरांनी सैतानाचा त्याग करता का, असं विचारलं. हा प्रश्न बाळाला नसतो, आई-वडिलांना आणि गॉडपेरेंट्सना असतो. त्यांनी स्वतःचाच विश्वास कबूल करायचा असतो. "होय" म्हणताना माझा आवाज कापला. भाची मात्र शांत झोपली होती.

राग एका दिवसात गेला नाही. पण आता रात्री मी तो देवालाच सांगतो. माझ्यासाठी वाढ म्हणजे सध्या एवढीच.

आज एवढं करा : पोप फ्रान्सिस वारंवार सांगत, आपल्या बाप्तिस्म्याची तारीख माहीत करून घ्या. आईला विचारा, नाहीतर चर्चच्या ऑफिसात. ती तारीख मोबाइलमध्ये वाढदिवसासारखी सेव्ह करा.

प्रार्थना : हे पित्या, मी काही करण्याआधीच तू मला आपलं म्हटलंस. तुझ्या कृपेत मला रोज थोडं वाढव. आमेन.