रोजचा एक ओमर: अरण्यातील प्रवासातून उपकारस्तुती व समाधान

वाचनासाठी शास्त्रभाग: निर्गम १५:२२ ते १६:३६, गणना ११:१-१०, अनुवाद ८



या पाठाला बसण्यापूर्वी वरील शास्त्रभाग एकदा सलग वाचून घ्या. वाचताना तारखांकडे लक्ष द्या. इस्राएल लोक मिसर देशातून निघाले ते पहिल्या महिन्याच्या पंधराव्या दिवशी (गणना ३३:३). सीन रानात पोहोचून त्यांनी भाकरीसाठी कुरकुर सुरू केली ती दुसऱ्या महिन्याच्या पंधराव्या दिवसापासून (निर्गम १६:१). म्हणजे मधे बरोबर एक महिना गेला होता. त्या एका महिन्यात त्यांनी समुद्र दुभंगताना पाहिला होता, कोरड्या वाटेने तो ओलांडला होता आणि पलीकडे पोहोचल्यावर मिर्यामेच्या डफाबरोबर स्तुतिगीत गायिले होते. आणि आता त्यांना वाटू लागले की, मिसरातच मेलो असतो तर बरे झाले असते. निदान पोटभर जेवून तरी मेलो असतो.

आपण हे वाचतो आणि चटकन म्हणतो, काय कृतघ्न लोक हे! पण थोडे थांबू या. समुद्र ओलांडल्यावर तीन दिवस त्यांना पाण्याचा थेंब मिळाला नव्हता. बरोबर लहान मुले होती, गुरेढोरे होती. शेवटी पाणी दिसले तर ते कडू निघाले. म्हणून त्या जागेचे नाव मारा पडले. ती तहान खरी होती. सीन रानातली भूकही खरी होती. म्हणूनच मारा येथे देवाने त्यांना दटावले नाही, पाणी गोड करून दिले. सीन रानातही त्याने संध्याकाळी लावे पक्षी आणि सकाळी मान्ना पाठवला. गरज सांगितली म्हणून देव कोणावर रागावला असे येथे दिसत नाही.

मला या भागात आवडते ते १५व्या अध्यायाचे शेवटचे वचन. मारा सोडल्यावर पुढचाच मुक्काम एलीम येथे पडला. तेथे पाण्याचे १२ झरे आणि खजुरीची ७० झाडे होती. मारा येथे मोशेवर चिडलेल्या माणसांना एलीमचे नावही ठाऊक नव्हते.

मग चूक नेमकी कोठे झाली? त्यासाठी गणना ११ पाहावे लागते. आता मान्ना मिळू लागून बरेच दिवस झाले आहेत. कोणी उपाशी नाही. तरीही लोक आपापल्या तंबूच्या दाराशी रडत बसले आहेत. कशासाठी? मासे, काकड्या, खरबुजे, भाजी, कांदे आणि लसूण यांसाठी. आणि त्यांच्या बोलण्यात एक शब्द येतो, ज्याच्यापाशी हिशेब शिकणारा कोणीही अडखळेल. ते म्हणतात, मिसरात आम्हांला मासे फुकट मिळत होते.

फुकट! ज्या देशात त्यांच्याकडून विटा पाडून घेत, गवत न देता विटांचा आकडा मात्र तोच ठेवत आणि आकडा भरला नाही की पाठीवर फटके पडत, त्या देशातले मासे फुकट! पुन्हा, मिसरातला मासा म्हणजे मुख्यतः नाईल नदीचा मासा. त्याच नदीत फारोने त्यांचे तान्हे मुलगे टाकायला लावले होते (निर्गम १:२२). वहीत जमेची बाजू तेवढी लिहून खर्चाचे पान फाडून टाकावे, तसे त्यांच्या आठवणीचे झाले आहे. याउलट, खरोखर विनामूल्य मिळत होता तो मान्ना. तो गोळा करायचा, जात्यात दळायचा किंवा उखळात कुटायचा, भांड्यात शिजवायचा, एवढेच काम होते. त्यासाठी कोणाचा चाबूक पाठीशी नव्हता. पण त्याचा त्यांना वीट आला.

म्हणजे कुरकुरीची मुळे पोटात कमी आणि आठवणीत जास्त होती.

भाषांतराच्या सेवेत शब्दांशी रोज झटापट करावी लागते, म्हणून दोन शब्दांविषयी येथे लिहितो. "कृतज्ञ" हा शब्द आपण सहज वापरतो. तो "कृत" आणि "ज्ञ" मिळून झाला आहे: आपल्यासाठी जे केले गेले ते जाणणारा. त्याच्या उलट "कृतघ्न", म्हणजे केलेल्याचा घात करणारा, ते पुसून टाकणारा. दोन्ही शब्दांत भावनेचा उल्लेखही नाही. आज मनाला कसे वाटते आहे यावर कृतज्ञता अवलंबून नाही. काय घडले ते आपण खरेखरे लक्षात ठेवले की नाही, यावर ती अवलंबून आहे. आपल्या मंडळ्यांत चालणारा "उपकारस्तुती" हा शब्दही तसाच आहे. त्यात आधी उपकार येतो, मग स्तुती. उपकार आठवलाच नाही, तर स्तुती कशाची करणार? अनुवाद ८ मध्ये मोशे लोकांना "आनंदी राहा" असे सांगत नाही. ४० वर्षांची सगळी वाट आठवा, असे सांगतो. त्या आठवणीत भूकही आहे आणि मान्नाही आहे. तो दोन्ही गोष्टी एकाच वाक्यात घेतो.

समाधान म्हणजे गप्प बसणे का?

या ठिकाणी एक सावधगिरीची सूचना द्यावीशी वाटते. "आहे त्यात समाधान मान" हे वाक्य आपल्याकडे बहुतेक वेळा कोण कोणाला ऐकवतो? मालक मजुराला ऐकवतो, सासर सुनेला ऐकवते, ज्याचे पोट भरलेले आहे तो उपाशी माणसाला ऐकवतो. या अरण्याच्या गोष्टीचा तसा उपयोग करणे म्हणजे शास्त्रलेखावर अन्याय करणे होय. निर्गमाची सुरुवातच आठवा. दास्यात कण्हणाऱ्या लोकांचा आक्रोश वर गेला आणि देवाने तो ऐकला (निर्गम २:२३-२५). फारोच्या विटांत समाधान माना, असे देवाने त्यांना सांगितले नाही. त्याने त्यांना तेथून बाहेर काढले.

तेव्हा आक्रोश आणि कुरकुर या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आक्रोश देवाकडे तोंड करून केला जातो. कुरकुर तंबूत बसून, देवाच्या पाठीमागे, त्याच्या हेतूविषयी संशय घेऊन केली जाते. परमेश्वर आपला द्वेष करतो म्हणूनच त्याने आपल्याला बाहेर आणले, असे ते तंबूत बोलत होते (अनुवाद १:२७). मारा येथे लोकांची आणि मोशेची तहान एकच होती. लोकांनी मोशेवर कुरकुर केली, मोशेने परमेश्वराला हाक मारली. तुमच्यावर अन्याय होत असेल, पगार अडवला असेल, आजारात उपचार मिळत नसतील, तर मोठ्याने हाक मारा. देवाला मारा आणि जो माणूस ऐकू शकेल त्यालाही मारा.

मोजमाप

आता मान्नाकडे वळू. हा शब्दच मुळी एका प्रश्नातून आला. सकाळी जमिनीवर पांढरे, धन्याएवढे काहीतरी पडलेले पाहून लोक एकमेकांना विचारू लागले, हे काय? इब्री भाषेतल्या त्या प्रश्नावरून त्याला मान्ना म्हणू लागले. त्याचे माप ठरलेले होते: माणशी एक ओमर, म्हणजे आपल्या हिशेबाने साधारण दोन लिटरचे भांडे भरेल एवढे. ज्याने जास्त वेचले त्याचे उरले नाही, ज्याने कमी वेचले त्याला कमी पडले नाही. उद्यासाठी दडवून ठेवले त्यात किडे पडले. केवळ सहाव्या दिवशी दुप्पट वेचायचे, कारण सातवा दिवस विसाव्याचा. आणि त्या दिवशी ते नासत नसे.

येथे बचतीला विरोध आहे असे समजू नका. सहाव्या दिवशी साठवण्याची आज्ञा देवानेच दिली होती, आणि योसेफाने तर सात वर्षांचे धान्य साठवून सगळा देश जगवला. किडे पडले ते भीतीपोटी साठवलेल्यात, उद्या देव विसरेल या हिशेबाने दडवलेल्यात. प्रभू येशूने शिकवलेल्या प्रार्थनेत आपण रोजची भाकर मागतो तेव्हा हाच ओमर मागत असतो. पौलानेही करिंथकरांना मदतीची वर्गणी गोळा करण्याविषयी लिहिताना मान्नाचेच वचन घेतले (२ करिंथ ८:१५). समाधानाचा संबंध त्याने शेजाऱ्याच्या ताटाशी जोडला, हे ध्यानात ठेवण्यासारखे आहे. माझा ओमर भरला की उरलेला कोणाचा, हा प्रश्न मग टाळता येत नाही.

पौल फिलिप्पैकरांना लिहितो की, समाधानी राहायला मी शिकलो आहे (फिलिप्पै ४:११). शिकलो, म्हणजे ते जन्मतः नव्हते. आणि हे पत्र तो बंदिवासातून लिहितो आहे. हे शिक्षण किती लांब असू शकते ते पाहायला फार दूर जायला नको, काशीपर्यंत जाऊ या.

काशीतले एक मराठी घर

वाराणसीच्या दुर्गाघाट, ब्रह्माघाट या भागात पिढ्यान्‌पिढ्या मराठी कुटुंबे राहत आली आहेत. काशीत वाढलेल्या अशाच एका कोकणस्थ ब्राह्मण कुटुंबातले नीलकंठशास्त्री गोरे. त्यांचा जन्म १८२५ चा. न्यायशास्त्राचे पंडित. मिशनऱ्यांचे खंडन करायला गेले, त्यासाठी संस्कृतात ग्रंथही लिहिला, आणि वाद घालता घालता स्वतःच ख्रिस्ताकडे ओढले गेले. १४ मार्च १८४८ रोजी जौनपूर येथे त्यांचा बाप्तिस्मा झाला. नाव घेतले नहेम्या. त्याचा अर्थ, परमेश्वर सांत्वन करतो.

काशी म्हणजे त्यांचे मिसर होते, असे मी मुळीच म्हणत नाही. तेथे त्यांना कोणी गुलाम केले नव्हते. तेथे आईवडिलांची माया होती, विद्या होती, मान होता. म्हणूनच त्यांची वाट इस्राएल लोकांपेक्षा एका अर्थाने कठीण होती: मागे वळून पाहिले तर दिसणारे कांदे-लसूण खोटे नव्हते. पत्नी लक्ष्मीबाई १८५३ मध्ये वारल्या, त्याच वर्षी जन्मलेली मुलगी अजून तान्ही होती. शंकांनीही शेवटपर्यंत त्यांचा पिच्छा सोडला नाही, असे त्यांच्या चरित्रातून दिसते. आनंदी स्वभावाचे म्हणून कोणी त्यांचे नाव घेत नाही. तरी पंडिता रमाबाईंना विश्वासाचा निर्णय घेताना ज्यांच्या लिखाणाचा आधार झाला, ते हेच गोरे. १८९५ मध्ये मुंबईत ते वारले, तेव्हा त्या वाटेवर त्यांना जवळजवळ ४७ वर्षे झाली होती. इस्राएल लोकांपेक्षा सात वर्षे जास्त. ज्यांना उपकारस्तुती करताना ओठांवर हसू आणता येत नाही, त्यांनी या माणसाला विसरू नये.

ती तान्ही मुलगी म्हणजे एलन लक्ष्मी गोरे. काशीतच जन्मली. आई गेल्यावर एका निळीच्या मळेवाल्या इंग्रज दांपत्याने तिला सांभाळले. १८५७ च्या उठावात त्यांची मालमत्ता गेली. मग एका मिशनरी कुटुंबाने तिला इंग्लंडला नेले. आई नाही, वडील दूर, घर दोनदा बदललेले, भाषाही बदललेली. तिचा जमाखर्च मांडायला बसलो तर खर्चाची बाजूच भरत जाते. तिने पुढे इंग्रजीत स्तोत्रे लिहिली. त्यांचा संग्रह १८८३ मध्ये निघाला. त्यांतले एक स्तोत्र देवाच्या सान्निध्यातल्या गुप्त आसऱ्याविषयी आहे, आणि आजही ते अनेक देशांत गायिले जाते. ज्या मुलीला लहानपणी एक घर धड टिकले नाही, तिने आसऱ्यावर गावे, यापुढे मी काही जोडत नाही.

१८८० मध्ये ती भारतात परतली. अमृतसरला काम केले, मग अलाहाबादेत, म्हणजे जन्मगावापासून सव्वाशे किलोमीटरांच्या आत, मुलींच्या एका अनाथाश्रमाची जबाबदारी सांभाळली. पुढे कानपूरला सेवा केली आणि १९३७ मध्ये तिचे निधन झाले. स्वतःचा ओमर भरल्यावर उरलेला कोणाचा, हे तिला कोणी शिकवावे लागले नसावे.

बरणीतला मान्ना

अनुवाद ८ चा उत्तरार्ध पुष्कळदा वाचायचा राहून जातो. मोशेला अरण्यापेक्षा पुढच्या देशाची जास्त काळजी वाटते. चांगली घरे बांधाल, गुरे वाढतील, सोने-रुपे साठेल, आणि मग म्हणाल की हे सगळे माझ्याच बाहुबलाने मिळवले. नोकरी लागल्यावर, कर्ज फिटल्यावर, मुलगा परदेशी गेल्यावर आपल्या साक्षी आखूड होत जातात, हे आपण पाहतोच. उपाशी माणूस विसरतो ते भुकेमुळे. पोटभर जेवलेला कशामुळे विसरतो, हे सांगणे अवघड आहे.

यासाठी देवाने एक साधी व्यवस्था केली होती. एक ओमर मान्ना बरणीत भरून पुढच्या पिढ्यांसाठी ठेवायचा (निर्गम १६:३२-३४). एका दिवसाचे, एका माणसाचे माप. दुसऱ्या सकाळी किडे पडणारा तोच मान्ना, पण आठवणीसाठी ठेवलेला नासला नाही. गिलगाल येथे लोकांनी नव्या देशाचे धान्य खाल्ले आणि दुसऱ्या दिवसापासून मान्ना बंद झाला (यहोशवा ५:१२). त्यानंतर जन्मलेल्या मुलांना मान्ना पडताना दिसला नाही. त्यांच्यासाठी ती बरणी होती.

पुढच्या सहभागितेला येताना प्रत्येकाने एका कागदावर आपल्या बरणीतली एक गोष्ट लिहून आणावी. मोठा चमत्कार शोधत बसू नका, ओमरभर पुरे. त्या दिवशी काय कमी होते तेही लिहा आणि काय मिळाले तेही लिहा, दोन्ही एकाच कागदावर. घरात वडीलधारी माणसे असतील तर त्यांना विचारून त्यांची एक गोष्ट लिहून घ्या. आणि वर तारीख घालायला विसरू नका.