जिऱ्याची लागवड

मराठी घरातील फोडणीत नित्य लागणारे जिरे पिकते मात्र मुख्यत्वे गुजरात व राजस्थानच्या कोरड्या भागांत. मेहसाणा जिल्ह्यातील उंझा ही या मालाची मोठी बाजारपेठ होय. भूमध्य समुद्राच्या पूर्वेकडील प्रदेशातून प्राचीन काळी पसरलेली ही वनस्पती धने, ओवा व बडीशेप यांच्याच कुळातील असून संस्कृतात तिला जीरक म्हणतात.

हवामान व जमीन : थंड, कोरडी व निरभ्र हवा या पिकास मानवते. जमीन हलकी ते मध्यम व उत्तम निचऱ्याची असावी.

पेरणी : नोव्हेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात हेक्टरी 12 ते 15 किलो बी 30 सेंटिमीटर अंतराच्या ओळींत उथळ पेरावे.

पाणी व रोग : पेरताच एक हलके पाणी व 8 ते 10 दिवसांनी दुसरे द्यावे, पुढील पाळ्या जमिनीचा मगदूर पाहून द्याव्यात. आभाळ आले असता पाणी देऊ नये. फुलोऱ्यात ढगाळ हवा व ओल एकत्र आल्यास करपा झपाट्याने फैलावतो व उभे पीक हातचे जाते. मर रोगाची बुरशी जमिनीत टिकून राहते. म्हणून त्याच शेतात तीन वर्षे पुन्हा जिरे घेऊ नये. बियाण्यास ट्रायकोडर्मा चोळावे व 'गुजरात जिरे-4' सारखा मर सहन करणारा वाण निवडावा.

काढणी : सुमारे 100 ते 110 दिवसांत झाडे पिवळी पडतात. दाणे गळू नयेत म्हणून ती सकाळी उपटावीत, खळ्यावर वाळवावीत व मग झोडपावीत.

अधिक पाण्याने जिऱ्याचे उत्पन्न वाढत नाही, उलट पीकच धोक्यात येते, ही गोष्ट ग्रामसेवकांनी शेतकरी बंधूंच्या मनावर बिंबवावी.