नदीचा आवाज जमिनीतून : इयत्ता सातवीसाठी सामान्य विज्ञानाचा पाठ

हेतू : पुराच्या गढूळ पाण्याखाली नदीच्या तळाशी काय चालले आहे, हे जमिनीच्या कंपनांवरून कसे कळते, याची विद्यार्थ्यांस ओळख करून देणे.

साहित्य : लाकडी बाक, लोखंडी घमेले, पाणी, दोन मुठी वाळू, सुपारीएवढे दहाबारा गोटे.

प्रस्तावना : फुलचूरच्या मुलांस वैनगंगा परकी नाही. २०२० च्या ऑगस्टअखेर तिला आलेल्या महापुराने भंडारा, गोंदिया, चंद्रपूर व गडचिरोली जिल्ह्यांत मोठी हानी झाली. पूर ओसरल्यावर पात्रातील वाळूने जागा बदललेली दिसते. ती केव्हा व कशी सरकली, असा प्रश्न शिक्षकांनी विचारावा. पुरात तळ दिसत नाही आणि प्रवाहात साधने उतरविणे धोक्याचे असते, हे मुलांकडूनच काढून घ्यावे.

प्रयोग : बाकाच्या एका टोकास पाण्याचे घमेले ठेवावे. एका विद्यार्थ्याने डोळे मिटून दुसऱ्या टोकास कान लावावा. दुसऱ्याने प्रथम नुसते पाणी ढवळावे, नंतर वाळू घालून व शेवटी गोटे घालून ढवळावे. प्रत्येक वेळी घमेल्यात काय आहे, ते ऐकणाऱ्याने ओळखावे.

विषयप्रतिपादन : नदीतही असेच घडते. खळाळणारे पाणी व तळावर आपटणारे गोटे काठची जमीन किंचित हलवितात. भूकंप नोंदविणारे यंत्र काठावर पुरले, तर ते ही कंपने टिपते. पाण्याची कंपने सामान्यतः संथ व गोट्यांची जलद असतात. म्हणून ती निराळी ओळखता येतात. उत्तर स्वीडनमधील सावर नदी हिवाळ्यात गोठते. तेथील अशा यंत्रांच्या नोंदींतून पाणी, गाळ व तडकणारा बर्फ या तिन्हींचा मागोवा घेता आला. तो अभ्यास २०२० मध्ये प्रसिद्ध झाला.

या विद्येचे मोल आपल्या देशातही दिसून आले. ७ फेब्रुवारी २०२१ रोजी उत्तराखंडातील चमोली जिल्ह्यात डोंगराचा कडा बर्फासह कोसळला आणि ऋषिगंगा व धौलीगंगा यांच्या खोऱ्यांत प्रचंड लोंढा आला. दोनशेहून अधिक माणसे मृत वा बेपत्ता झाली. तपोवनच्या बोगद्यातील मजुरांस पूर्वसूचना मिळाली नाही. त्या परिसरातील भूकंपमापकांनी मात्र लोंढ्याची कंपने नोंदविली होती. ती नोंद त्याच क्षणी वाचून खाली इशारा देणारी व्यवस्था नव्हती. तशी व्यवस्था शक्य आहे, असे शास्त्रज्ञांनी पुढे त्याच नोंदी तपासून दाखविले.

उपयोजन : (१) यंत्र प्रवाहात न ठेवता काठावर का ठेवतात? (२) काठावरून ट्रक गेल्यास नोंदीत काय फरक पडेल? (३) इशारा मिळाल्यावर गावात प्रथम कोणास कळवावे? तिसऱ्या प्रश्नाची उत्तरे फळ्यावर लिहून वर्गात चर्चा करावी.

सूचना : या पाठासाठी मुलांस पुराजवळ कदापि नेऊ नये. उन्हाळ्यात पात्रातील गोटे आणून त्यांच्या झिजलेल्या कडा दाखवाव्यात.