इंजिन धावते, गाडी का अडते?



जुईनगरला आमच्या इमारतीत एक निवृत्त गृहस्थ राहतात. लहानपणी झालेल्या पोलिओमुळे त्यांच्या डाव्या पायात जोर नाही. क्लच दाबणे त्यांना जमत नाही. म्हणून त्यांची २० वर्षांची जुनी, स्वयंचलित गिअरची मोटार ही चैन नसून त्यांचा दुसरा पायच आहे.

गेल्या पावसाळ्यात ती बिघडली. सकाळी 'रिव्हर्स' टाकला की तीन-चार सेकंद काहीच होत नसे, मग गाडी झटका देऊन मागे येई. सायन-पनवेल महामार्गावर उड्डाणपुलाच्या चढावर इंजिनाचा आवाज चढे, पण वेग वाढत नसे. एका कारागिराने वरवर पाहून सांगितले, "गिअरबॉक्सच बदला." खर्च गाडीच्या किमतीहून जास्त!

गिअरबॉक्स न उघडता त्याचा दोष कसा ओळखावा? आधी त्याच्या आत काय चालते ते पाहू.

टेबलावर दोन पंखे समोरासमोर ठेवा. एक सुरू केला की त्याच्या वाऱ्याने दुसराही फिरू लागतो. हवेच्या जागी तेल घेतले की झाला 'टॉर्क कन्व्हर्टर'. जर्मन अभियंता हर्मान फ्योटिंगर याने १९०५ साली जहाजांसाठी याचे पेटंट घेतले. एक चक्र इंजिनाला, दुसरे गिअरबॉक्सला जोडलेले असते. मध्ये तिसरे छोटे चक्र असते. ते परतणाऱ्या तेलाची दिशा बदलते, त्यामुळे गाडी निघताना फिरवणारे बल जवळजवळ दुप्पट होऊ शकते.

पुढे दंतचक्रे असतात. त्यांतील कोणते फिरावे आणि कोणते रोखून धरावे, हे घर्षणाच्या चकत्या व पट्टे ठरवतात. या चकत्या एकमेकींवर दाबतो तो तेलाचाच दाब. म्हणजे येथे तेल हे केवळ वंगण नव्हे. शक्ती तेच वाहून नेते, चकत्या तेच दाबते आणि उष्णताही तेच बाहेर नेते. दाब कमी पडला की चकत्या घसरतात. इंजिन धावते, चाके मागे राहतात.

आता लक्षणे तपासू. पहिला प्रश्न : चढावर इंजिनाची गती वाढते का? वाढत नसेल, तर दोष बहुधा इंजिनात आहे. आमच्या गाडीत ती वाढत होती, म्हणून संशय गिअरबॉक्सवर. तेथे मुख्य शक्यता तीन :

१. चकत्या झिजल्या. मग तेल काळपट होते, त्याला जळका वास येतो आणि घसरणे गाडी गरम झाल्यावरही चालूच राहते.

२. कन्व्हर्टरचे मधले चक्र बिघडले. मग गाडी निघताना मंद, पण वेग घेतल्यावर ठीक चालते. गिअर पडायला मात्र उशीर होत नाही.

३. तेल कमी झाले. मग थंड गाडीत गिअर उशिरा पडतो आणि चढावर घसरतो.

तिसऱ्या शक्यतेत थंडीचा आणि चढाचा संबंध काय? तेल तापले की प्रसरण पावते. एक अंश सेल्सिअसला सुमारे ०.०००७ पट धरा. गिअरबॉक्समध्ये ८ लिटर तेल असेल आणि तापमान ३० वरून ८० अंशांवर गेले, तर वाढ ८ × ०.०००७ × ५० = ०.२८ लिटर, म्हणजे पाव लिटरहून थोडी जास्त. म्हणूनच तेल मोजायच्या पट्टीवर बहुधा गरम आणि थंड अशा दोन खुणा असतात. चढावर गाडी कलते, पण तेलाचा पृष्ठभाग आडवाच राहतो. तेल एका बाजूला जाते, शोषनळी उघडी पडते आणि पंप तेलाऐवजी हवा ओढतो. हवा दाबली जाते, म्हणून चकत्यांवर पुरेसा दाब येत नाही.

आम्ही गाडीच्या पुस्तिकेत सांगितल्याप्रमाणे, सपाट जागेवर, पट्टी काढून पाहिली. (काही गाड्यांत हे इंजिन चालू ठेवून, तर काहींत बंद करून पाहतात.) तेल खालच्या खुणेच्याही खाली होते. पण रंग लालसर, जळका वास नाही, धातूचा कीस नाही! मग तेल गेले कुठे? गाडीखाली पुठ्ठा पसरला. सकाळी त्यावर लाल डाग होता, बरोबर तेल थंड करणाऱ्या नळीच्या जोडाखाली. जोडाचे रबर कडक होऊन तडकले होते. नळी बदलली, योग्य प्रकारचे तेल भरले आणि रिव्हर्स लगेच पडू लागला. चढावरची घसरणही थांबली.

मात्र तेल काळे, जळक्या वासाचे निघाले असते, तर त्या कारागिराचे म्हणणे कदाचित खरे ठरले असते. त्याची चूक निष्कर्षात नव्हती, पुरावा न पाहता निष्कर्ष काढण्यात होती.

करून पाहा : एका आयताकृती डब्यात बोटभर पाणी घ्या. एका टोकाला, तळाशी पोचेल अशी नळी धरून पाणी ओढा. आता ते टोक उचलून डबा हळूहळू कलता करा. कोणत्या कोनाला नळीतून हवा येऊ लागते? पाणी वाढवून पुन्हा मोजा आणि दोन्ही कोनांची तुलना करा. गाडीजवळचे प्रयोग मात्र मोठ्या माणसांवाचून करू नका.