प्रौढ धावपटूंतील कंडराशूल : एक विचार

पन्नाशीनंतर मॅरेथॉनच्या सरावास लागलेले रुग्ण अलीकडे चिकित्सालयात वारंवार येतात. सकाळी पहिली पावले टाकताना टाचेमागील कंडरेत वेदना व ताठरता, हे त्यांचे नेहमीचे लक्षण. सातारा हिल हाफ मॅरेथॉनसारख्या स्पर्धांसाठी चढावरील सराव ऐन पावसाळ्यात होतो. वाढते वय, वर्षा ऋतू व अतिव्यायाम हे तीनही वातहेतू येथे एकत्र येतात. वाग्भटांनी अर्धशक्ती व्यायाम बलवान व स्निग्धभोजी व्यक्तीस शीतकाळी व वसंतातच सांगितला आहे. अन्य ऋतूंत त्याहूनही अल्प. धाप लागून श्वास तोंडावाटे येऊ लागणे ही सुश्रुतोक्त बलार्धाची खूण रुग्णास अवश्य समजावून द्यावी.

प्रथम निदानपरिवर्जन, म्हणजे चढाचा सराव बंद. संपूर्ण विश्रांती मात्र नको. टाचा सावकाश उचलून खाली आणण्याचा व्यायाम निदान बारा आठवडे हवा. केवळ योगराज गुग्गुळ देऊन रुग्णास स्पर्धेस धाडणे ही चिकित्सा नव्हे, असे माझे स्पष्ट मत आहे.

मागून लाथ बसल्यासारखी अकस्मात वेदना होऊन चवड्यावर उभे राहता येत नसेल, तर कंडराच्छेदाची शंका घ्यावी. तेथे अभ्यंग-मर्दन वर्ज्य. रुग्णास तत्काळ अस्थिशल्यतज्ज्ञांकडे पाठवावे. सिप्रोफ्लॉक्सासिन वा लिव्होफ्लॉक्सासिन नुकतेच घेतले होते काय, हे वैद्यांनी व औषधविक्रेत्यांनीही विचारावे. या गटातील प्रतिजैविकांनी कंडरा तुटण्याचा धोका वाढतो, साठीनंतर विशेष.