डेटाबेस आपणहून काम करतो तेव्हा

पोस्टग्रेसमध्ये ‘हे झालं की ते आपोआप व्हावं’ अशी सोय लावायचे दोन मार्ग आहेत, रूल आणि ट्रिगर. रूल एका वाक्यात आटोपतो, वेगळं फंक्शन लिहावं लागत नाही, म्हणून घाईतला माणूस हमखास तिकडे वळतो. डेटाबेस सांभाळणाऱ्या प्रत्येकाला माझं कळकळीचं सांगणं आहे की तिकडे वळू नका. का, ते एका पतसंस्थेच्या डेटाबेसवरून सांगतो.

तो माझ्याकडे देखभालीला आला तेव्हा वरवर सगळं ठीक होतं. नवीन खातं उघडलं की खाते क्रमांक, कर्मचाऱ्याचं नाव आणि वेळ लॉगच्या टेबलात जावी म्हणून आधी कोणीतरी ‘ऑन इन्सर्ट डू ऑल्सो’ असा रूल लावून ठेवला होता. लेखापरीक्षणात प्रश्न आला की अमुक खातं कोणी उघडलं. लॉगमध्ये तो क्रमांकच नव्हता. दुसरा पाहिला, तोही नाही. मग दोन्ही टेबलं शेजारी ठेवून वाचली. खातेदारांच्या टेबलात ४३११, ४३१३, ४३१५. लॉगमध्ये ४३१२, ४३१४, ४३१६. दोन काउंटरवर एकाच वेळी काम चाललं होतं तिथे हा सम-विषमचा क्रमही मोडला होता.

कारण रूलच्या स्वभावातच आहे. रूल टेबलात पडलेल्या ओळीकडे बघत नाही. तो आलेली क्वेरी चालण्याआधीच तिची नव्याने मांडणी करतो आणि तिच्या जोडीला आणखी एक क्वेरी लावतो. रूलमध्ये ‘न्यू.आयडी’ लिहिलं की तिथे तयार क्रमांक येईल असं आपण धरून चालतो. प्रत्यक्षात तिथे क्रमांक काढणारी नेक्स्टव्हॅलची हाकच जशीच्या तशी बसते. मूळ इन्सर्टने ती एकदा मारली, लॉगच्या इन्सर्टने पुन्हा मारली, आणि सीक्वेन्सने दोघांना वेगवेगळे क्रमांक दिले. एरर नाही, वॉर्निंग नाही. पोस्टग्रेसच्या लेखी सगळं नियमाप्रमाणे झालेलं असतं.

वेळेच्या रकान्याने आम्हाला तारलं. नाऊ हे फंक्शन ट्रँझॅक्शन सुरू झाल्याची वेळ देतं आणि एका ट्रँझॅक्शनमध्ये कितीदाही विचारलं तरी उत्तर तेच येतं. खातेदारांच्या टेबलातही वेळ नोंदलेली असल्यामुळे सेकंदाच्या अपूर्णांकापर्यंत जुळवून बहुतेक नोंदी लावता आल्या. एका जुन्या शाखेची खाती मात्र सीएसव्ही फाइलमधून कॉपी कमांडने भरली होती. कॉपीमुळे ट्रिगर चालतात, रूल चालत नाहीत. त्या खात्यांची लॉगमध्ये एकही ओळ नव्हती. तिथे कागदी अर्जांवरच्या सह्या हाच आधार उरला.

रूल ही काही कोणी मागाहून चिकटवलेली सोय नव्हे. १९८६ मध्ये बर्कलीत मायकेल स्टोनब्रेकर यांच्या नेतृत्वाखाली पोस्टग्रेसचा प्रकल्प सुरू झाला तेव्हापासून रूल हा त्यातला महत्त्वाचा विषय होता. आजही प्रत्येक व्ह्यू आतून एका सिलेक्ट-रूलवरच उभा असतो, आणि ते काम तो चोख करतो. पूर्वी व्ह्यूमध्ये माहिती भरायची तर रूलशिवाय इलाज नव्हता. २०११ च्या ९.१ आवृत्तीत व्ह्यूवर ‘इन्स्टेड ऑफ’ ट्रिगर आले, २०१३ च्या ९.३ मध्ये साधे व्ह्यू आपोआप अपडेट होऊ लागले, आणि ती गरजही संपली. शिवाय ट्रिगर १९९९ पासून एसक्यूएलच्या प्रमाण नियमांत आहेत. रूल पोस्टग्रेसचा एकट्याचा.

आम्ही तो रूल काढून ‘आफ्टर इन्सर्ट, फॉर ईच रो’ असा ट्रिगर लावला. ओळ टेबलात पडल्यावर तो चालतो, म्हणून त्याच्या हाती खराखुरा क्रमांक येतो.

पण ट्रिगर आला म्हणून डोळे मिटून बसायचं नसतं. बिफोर ट्रिगरच्या फंक्शनने नल परत केलं तर ती ओळ मुकाट वगळली जाते. डिलीटच्या वेळी ‘न्यू’ नल असतं. तिथे सवयीने ‘रिटर्न न्यू’ लिहिलं की ओळ जागच्या जागी राहते, एरर येत नाही, उत्तर येतं ‘डिलीट ०’. तिथे ‘ओल्ड’च परत करायला हवं. एकाच घटनेवर, एकाच प्रकारचे अनेक ट्रिगर असले तर ते नावाच्या वर्णक्रमाने चालतात, म्हणून नावं विचार करून ठेवावीत. दुसऱ्या डेटाबेसवर काम करणाऱ्यांनी तिथल्या खोडी वेगळ्या शिकाव्यात. मायएसक्यूएलमध्ये फॉरेन कीच्या कॅस्केडने ओळी उडाल्या तर त्यांचे डिलीट ट्रिगर चालत नाहीत. एसक्यूएल सर्व्हरमध्ये ट्रिगर अख्ख्या स्टेटमेंटमागे एकदाच चालतो, त्यामुळे एकच ओळ गृहीत धरून लिहिलेला कोड शंभर ओळींच्या अपडेटमध्ये चुकतो.

सगळ्यात कडक इशारा द्यायचा तो एसएमएसबद्दल. पैसे जमा झाले की ट्रिगरमधूनच खातेदाराला संदेश पाठवायचा मोह अनेकांना होतो. पुढे काही कारणाने ट्रँझॅक्शन रोलबॅक झालं तर पैसे परत जातात, गेलेला एसएमएस परत येत नाही. खातेदाराच्या हातात जमा झाल्याचा संदेश आणि पासबुकात नोंद नाही, असा प्रसंग कोणत्याही संस्थेवर आणू नये. ट्रिगरने फक्त ‘पाठवायचे संदेश’ अशा टेबलात एक ओळ टाकावी. रोलबॅकमध्ये तीही ओळ जाते. प्रत्यक्ष पाठवण्याचं काम वेगळ्या प्रोग्रामकडे द्यावं आणि त्याला जागं करायला नोटिफाय वापरावं, कारण ते कमिट झाल्यावरच पोहोचतं.

दुसऱ्याने बांधलेला पोस्टग्रेस डेटाबेस ताब्यात घेत असाल तर टेबलांचा आराखडा वाचण्याआधी पीजी_ट्रिगर आणि पीजी_रूल्स उघडा. जे सापडेल ते कागदावर उतरवा आणि प्रत्येकाची चाचणी तीन तऱ्हांनी घ्या: एक ओळ भरून, एकाच इन्सर्टमध्ये अनेक ओळी भरून, आणि कॉपीने. ज्या टेबलात पैशांच्या नोंदी आहेत त्याच्यावर रूल दिसला तर तो बदलण्याचं काम पुढच्या आठवड्यावर ढकलू नका.