गल्ल्यावर बसण्याआधी

कराडला आमचा छापखाना आहे. अण्णांनी खिळे जुळवण्यापासून सुरुवात केली, ट्रेडलवर कामं काढली, मग ऑफसेट आणलं. आता तो मी चालवते. वडिलांचा धंदा घ्यावा की नोकरीतच राहावं, या विचारात अडकलेली मुलं-मुली हल्ली माझ्याकडे येऊन बसतात. त्यांना जे सांगते, तेच इथे.

१. आधी आईचा पगार धरा.
अण्णांच्या वहीत दरवर्षी नफा दिसायचा. त्या वहीत अण्णांचा स्वतःचा पगार नव्हता. आई दुपारी पावतीपुस्तकांवर नंबर मारायची, लग्नसराईत पत्रिकांना घड्या घालायची, पाकिटं भरायची, तिचाही नव्हता. जागेचं भाडं पागडीच्या काळातलं, म्हणजे नावापुरतं. या तिन्हींना बाजारभाव लावून मी हिशेब मांडला, तेव्हा नफा जेमतेम उरला. "घरच्या माणसाला कसला गं पगार?" म्हणून अण्णा चिडले. पण मी गल्ल्यावर बसणार तेव्हा आई घड्या घालायला नसणार, आणि माझ्या नवऱ्याला त्या कामाची काही हौस नव्हती. त्यामुळे माझ्यासाठी खरा आकडा तोच होता. घ्यायचा निर्णय मी त्या आकड्यावर घेतला, वहीतल्या नफ्यावर नाही.

२. धंदा दिवाळीत जोखू नका.
तेव्हा सगळंच तेजीत असतं. वर्षभराचं चक्र बघा. लग्नपत्रिका आता मोबाईलवरच जातात. छापतात त्या देवापुढे ठेवायला आणि मानाच्या पाहुण्यांना द्यायला. १ जुलै २०१७ ला जीएसटी आला आणि दुकानदार संगणकावर बिलं काढू लागले, बिलबुकांची कामं आटली. मग प्रेस चालतो कशावर? आमच्याकडे पतसंस्था, विकास सोसायट्या, दूध संस्था भरपूर. त्यांची वार्षिक सभा ३० सप्टेंबरच्या आत व्हावी लागते, आणि सभेला अहवाल लागतो. जुलैपासून आम्हाला मान वर करायला फुरसत नसते. अण्णांच्या मनात मात्र प्रेस म्हणजे लग्नपत्रिका. त्यांना विचारून निर्णय घेतला असता, तर मेलेलं काम हातात घेतलं असतं आणि जिवंत काम दिसलंच नसतं.

३. उधारीची वही वाचा, पण एकट्यानं नाही.
प्रत्येक नावापाशी वडिलांना थांबवा. हा देणार, हा बुडवणार, याच्याकडे मागायचंच नाही कारण यानं अडचणीत मदत केली होती, हे सगळं त्यांच्या डोक्यात असतं आणि कुठल्याच वहीत नसतं. संस्थांच्या वसुलीला मला कायद्याचा आधार झाला. सूक्ष्म-लघु उद्योगाचं बिल लेखी करार असला तरी जास्तीत जास्त ४५ दिवसांत, करार नसेल तर १५ दिवसांत चुकतं करावं लागतं. २०२३-२४ पासून आयकरातही अशी तरतूद आली की मुदत टळली तर तो खर्च देणाऱ्याला प्रत्यक्ष पैसे देईपर्यंत वजा मिळत नाही. उद्यम नोंदणीचा नंबर मी प्रत्येक बिलावर छापते. घरचाच प्रेस, छापायला काय लागतं!

४. जागेचे कागद.
इथे सगळ्यात जास्त वेळ घालवा. आमची जागा भाड्याची, आणि अण्णांच्या एकट्याच्या नावावर. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ प्रमाणे भाडेकरू गेल्यावर धंद्याच्या जागेचा हक्क आधी जातो तो त्या वेळी त्याच्याबरोबर तिथे धंदा करणाऱ्या कुटुंबीयाकडे; असं कुणी नसेल तरच इतर वारसांकडे. पुण्यात बसून पगार घेणाऱ्या मुलीचा नंबर त्यानंतरचा. दुसरीकडे, अण्णा असताना मी थेट माझ्या नावावर धंदा काढला, तर मालक पोटभाडेकरू ठेवला म्हणून दावा लावणार. मालक त्याचीच वाट बघत होते. मोक्याची जागा, त्यांचंही बरोबरच. शेवटी वकिलांच्या सल्ल्यानं बाप-लेकीची भागीदारी केली, अण्णांचा ताबा कागदोपत्रीही आणि खरोखरही कायम ठेवून.

त्यात जीएसटी. एकट्याच्या मालकीच्या धंद्याचा नंबर त्या माणसाच्या पॅनला बांधलेला असतो. तो ना मुलीच्या नावावर चढतो, ना फर्मच्या. नवा घ्यावा लागतो, आणि शिल्लक क्रेडिट आयटीसी-०२ फॉर्म भरून वळवून घ्यावं लागतं. हे सगळं वडील सही करू शकतात तोवरच उरकावं. नंतर हेच काम वारसांच्या रांगेत जातं.

५. रांगेवरून आठवलं: भावंडांना आधी विचारा.
मृत्युपत्र केलेलं नसेल, तर हिंदू वारसा कायद्यानं वडिलांच्या स्वकमाईत त्यांच्या माघारी आई, मुलगे, मुली सगळ्यांचा सारखा हिस्सा, मग धंदा कुणीही चालवो. माझ्या भावाला प्रेस नको होता, पण मशीनची किंमत हवी होती. ती त्या दिवशीच्या बाजारभावानं काढली, लिहून घेतली, हप्ते ठरवले. चुलत्यांना हे रुचलं नाही. न रुचू दे.

६. छापलेल्या मजकुराखाली कुणाचं नाव जाणार?
निवडणुकीत अण्णांकडे सगळ्याच पक्षांचे कार्यकर्ते यायचे, अर्ध्या रात्री, "काका, सकाळपर्यंत द्या" म्हणत. लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या १२७-अ कलमानुसार पत्रकावर मुद्रक आणि प्रकाशकाचं नाव-पत्ता हवा. छापून घेणाऱ्याचं सहीचं निवेदन हवं, त्यावर त्याला ओळखणाऱ्या दोघांच्या सह्या हव्यात, आणि ते पत्रकाच्या प्रतीसह जिल्हाधिकाऱ्यांकडे पाठवावं लागतं. चुकलं तर सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. अण्णा माणसाचा चेहरा बघून काम घ्यायचे. मी आधी निवेदनाचा कागद पुढे सरकवते. काही कार्यकर्ते त्यामुळे शेजारच्या प्रेसकडे गेले. ही गिऱ्हाइकं जाणार, हे घेण्याआधीच हिशेबात धरलं होतं.

७. मशीनवरचा माणूस राहणार का, हे त्यालाच विचारा.
आमचे मशीनमन माझ्याहून वयानं मोठे. मी त्यांना मामा म्हणते. त्यांनी "तू असशील तर बघू" एवढंच सांगितलं. मला तेवढं पुरलं.

८. वडिलांना खरंच सोडायचं आहे का?
"प्रेस तुझाच" असं अण्णा सगळ्यांना सांगायचे, पण चेकबुक त्यांच्या खिशात. मी घेण्याआधी अट घातली: बँकेत सही माझी, दर मी सांगणार, प्रूफं आणि कागदखरेदी त्यांची. ते दोन दिवस बोलले नाहीत, मग कबूल झाले. कागदाचे भाव त्यांना माझ्यापेक्षा चांगले कळतात. रीम मात्र लागतात त्याहून जास्त उचलतात, आणि त्यावरून आमचं अजूनही वाजतं.